मातीचे शिपाई व त्यांचे रंग

दिवाळी जवळ आली की आपल्या प्रांतातील मुले अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा व चिखल यांचा किल्ला रचतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर उभे करतात. पुण्यामुंबईकडे या खेळाचे प्रस्थ फार. तथापि जळगाव व धुळे येथील मुलांसही तो अपरिचित नाही. यात एक गोष्ट आम्हांस नेहमी उलटी वाटत आली आहे. किल्ला मुले स्वतःच्या हातांनी बांधतात, पण शिपाई मात्र आयते विकत घेतात. डोंगर कसाही रचला तरी डोंगरच दिसतो. माणूस मात्र लक्षपूर्वक केल्यावाचून माणूस दिसत नाही.

हा छंद केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. जर्मनीतील नुरेंबर्ग येथे कथिलाचे चपटे शिपाई ओतीत असत. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले. त्यामुळे ते हलके व स्वस्त झाले. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून घरातील जमिनीवर असे शिपाई मांडून खेळण्याचे नियम घालून दिले. खेळातील लढाई खऱ्या लढाईहून किती बरी, असे त्याचे म्हणणे होते; पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. हल्ली पाश्चात्त्य देशांत २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई रंगविणारे पुष्कळ प्रौढ गृहस्थ आहेत, आणि अमुक मुदतीत अमुक इतके शिपाई रंगवून दाखवू, अशी पैज ते आपापसांत लावतात. आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांस तीच पैज घातली. दिवाळीच्या सुट्टीपासून नाताळापर्यंत प्रत्येकाने २० शिपाई घडवून रंगवावेत; अट एवढीच की ते खानदेशातील एखाद्या खऱ्या किल्ल्याचे असावेत.

प्रथम मातीविषयी. आपल्या शेतांतील काळी माती कपाशीस उत्तम, परंतु मूर्तीस वाईट. ती पाण्याने फुगते व वाळताना आकसते, त्यामुळे शिपायाचे हात दुसऱ्याच दिवशी गळून पडतात. सबब कुंभाराकडील चाळलेली माती घ्यावी, व तीत पिंजलेला कापूस थोडा थोडा मळावा. कापसाचे तंतू मातीस धरून ठेवतात. मुलींस हे सांगावे लागले नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघर बसणाऱ्या गुलाबाईमुळे मातीच्या मूर्तीशी त्यांचा परिचय आमच्याहून अधिक आहे. मूर्ती चार बोटे उंच असावी आणि ती सावलीतच वाळवावी.

मग अस्तर. वाळल्या मातीवर एकदम रंग दिल्यास माती तो पिऊन टाकते. जळगावहून अजिंठ्याची लेणी दूर नाहीत. पालकांनी मुलांस तेथे नेले तर भिंतीचा रंग जेथे उडाला आहे तेथे मुद्दाम पाहावयास सांगावे. दगडावर भुसा मिसळलेल्या मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग, अशी ती रचना आहे. रंगही बहुतेक आपल्या परिचयाचेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ. आमच्या शिपायांस खडूची पूड बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून तिचे दोन हात दिले म्हणजे पुरते.

रंग देण्याचा क्रम आतून बाहेर असा ठेवावा: आधी कातडी, मग अंगरखा, मग कमरबंद व पागोटे, शेवटी हत्यार. असे केल्याने आतल्या कपड्याचा रंग बाहेर सांडला तरी पुढच्या रंगाखाली तो झाकला जातो. त्यानंतर काजळ व गेरू यांचे अतिशय पातळ पाणी करून ते सर्वांगावर सोडावे. ते आपोआप घड्यांत जाऊन बसते. ते पूर्ण वाळल्यावर कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग फक्त उंचवट्यांवर फिरवावा. चार बोटांच्या मूर्तीवर उजेड पडून होणारी सावली फार थोडी असते. म्हणून ती रंगाने वाढवावी लागते. डिंकाच्या रंगास एक खोड आहे. ओला कुंचला दुसऱ्यांदा घासला की खालचा थर उठून येतो. तेव्हा वरचा हात अलगद द्यावा. बाजारातील ॲक्रिलिक रंग वाळल्यावर उठत नाहीत. ज्यांस परवडतात त्यांनी ते वापरण्यास आमची हरकत नाही. डोळ्यांत पांढरे भरू नये. त्याने शिपाई भ्याल्यासारखा दिसतो. एक काळा ठिपका बस्स आहे.

आता गणित. एका शिपायास ४० मिनिटे धरली, तर २० शिपायांस ८०० मिनिटे. रोज अर्धा तास बसणाऱ्यास २७ दिवस लागतील, म्हणजे नाताळापूर्वी काम सहज उरकते. तरीही जे मागे पडले, ते बहुधा वीसही शिपाई पुढ्यात मांडून बसलेले होते. पाच पाच घ्यावेत. पाचांची कातडी, पाचांचे अंगरखे, अशा रीतीने जावे.

परंतु पैजेतील खरे कठीण काम निराळेच निघाले. बहुतेकांनी तापीकाठचे थाळनेर निवडले. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह होऊन होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख इंग्रजांस दिला. २७ फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लप फौजेसह थाळनेरास आला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडण्याचे नाकारले. तोफा चालल्यावर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु आतील दरवाज्याशी शिबंदीतील अरबांशी बोलणे चालू असता अकस्मात शस्त्रे चालली व आत शिरलेले इंग्रज अधिकारी पडले. कोणी म्हणतात तो दगा होता, कोणी म्हणतात एकास दुसऱ्याची भाषा कळली नाही. नंतर शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. या फाशीबद्दल खुद्द इंग्लंडातही टीका झाली.

मुलांनी प्रथम काय केले? किल्ल्यात सगळे मावळे, बाहेर सगळे गोरे, आणि रानात काळेकुट्ट भिल्ल. आम्ही त्यांस सांगितले की किल्ल्यातील लढवय्ये बव्हंशी पगारी अरब होते; कमरेस जंबिया, हाती तोड्याची बंदूक. तांबड्या कोटातील शिपाईही सारे गोरे नव्हते; हिस्लपच्या फौजेत मद्रासकडील आपलेच लोक पुष्कळ होते. तेव्हा कोट तांबडा व चेहरा गव्हाळ अथवा सावळा, असेही शिपाई रंगविले पाहिजेत. हे ऐकून वर्ग जरा थबकला.

भिल्लांविषयी मात्र आम्ही बोलण्याच्या आधीच मागील बाकावरील एक भिल्ल विद्यार्थी उभा राहिला. “गुरुजी, आमचे लोक नेहमी झाडामागेच का? आणि असे काळे का? मी असा आहे का?” त्याने आपला हात पुढे केला. आम्ही त्यालाच रंग मिसळावयास बोलाविले. त्याने गेरूत थोडी पिवळी माती व अगदी चिमूटभर काजळ घातले, मनगटाशेजारी धरून पाहिले, आणि पुन्हा थोडी पिवळी माती घातली. तो रंग त्या वर्षी सर्व वर्गाने वापरला. धनुष्याची दोरीही सुताची नसून बांबूच्याच चिरफळीची असते, हे त्यानेच दाखविले. त्यावर आम्ही धरणगावची गोष्ट सांगितली: १८२५ साली जेम्स औट्रॅम याने तेथे भिल्लांचीच पलटण उभारली. कालपर्यंत ज्यांच्यामागे सरकारी फौज लागली होती तेच सरकारी शिपाई झाले. ते का गेले असावेत, यावर वर्गात दोन तास वाद झाला व तो मिटला नाही.

काही पालकांनी विचारले की ख्रिस्ती शाळेत मुलांच्या हाती तलवारीचे बाहुले का द्यावे. प्रश्न योग्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की ज्या मुलाने एका अरबाच्या पागोट्यावर पाऊण तास घालविला, तो त्यास दरवाज्याशी आडवा ठेवताना थांबतो. थाळनेरच्या देखाव्यात शेवटी कोणास पडलेले दाखवावे यावर मुलांचे एकमत झाले नाही. अखेर त्यांनी दरवाज्याशी बोलणे चालू असतानाचाच क्षण मांडला, सर्व उभे.

उरलेल्या मातीतून तीन मुलींनी नाताळच्या गव्हाणीसाठी मेंढपाळ केले. ते धुळ्याकडे कळप घेऊन हिंडणाऱ्या ठेलारी धनगरांसारखे आहेत, खांद्यावर घोंगडी व डोक्यास मोठे पागोटे. घोंगडीस निव्वळ काजळ वापरू नये, थोडा गेरू मिसळावा. म्हणजे ती लोकरीची दिसते. ज्यांस पुढील वर्षी पैजेत उतरावयाचे आहे त्यांनी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ सुट्टीत पाहून यावे. या वर्षीचे शिपाई कापसात गुंडाळून खोक्यात ठेवले आहेत. माती भाजलेली नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी खोके फडताळाच्या वरच्या कप्प्यात हलवावे लागेल.