न विचारता बदललेले मीटर

प्रश्न : मी अमरावतीस मुलीकडे गेलो असता अकोल्याच्या घरचे जुने मीटर काढून परस्पर स्मार्ट मीटर बसविले गेले आणि पुढचे बिल अवाच्या सवा आले. काय करावे?

उत्तर : आपला संताप सर्वथा न्याय्य आहे. सामान्य ग्राहकांस स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले खरे. परंतु पुढे स्मार्ट मीटर पोस्टपेड स्वरूपात घरोघर आलेच, आणि ज्याच्या भिंतीवर ते बसवायचे त्या धन्याला विचारण्याची तसदीही अनेक ठिकाणी घेतली गेली नाही, हे मला अत्यंत अनुचित वाटते.

आपण पाठविलेल्या मीटर-बदल अहवालात जुन्या मीटरच्या अंतिम रीडिंगचा रकाना कोराच आहे. वादाचे मूळ बहुधा तिथेच असावे. तेव्हा त्या रीडिंगचा दाखला आणि नव्या मीटरची तपासणी यांसाठी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोहोच घ्यावी. तोंडी तक्रारीस दफ्तरी किंमत नसते.

वीज तोडण्याची धास्ती बाळगू नये. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ अन्वये पंधरा दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. शिवाय मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आपण हरकत नोंदवून भरल्यास, वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा खंडित करता येत नाही. कार्यालयाने दाद न दिल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तिथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे जावे.