कातण माझ्याकडेच आहे

अगं मने, काल फोनवर तू मुसमुसत बोलायला लागलीस तेव्हा मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. मग कळलं, लझानियाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. मी हसले, ते तुला ऐकू गेलं आणि तू फोन ठेवलास. म्हणून आता बसून लिहितेय. सासूबाई झोपल्यात. शेतीची लाईट रात्रीची असल्यामुळे तुझे दाजी उसाला दारं धरायला गेलेत. तासभर तरी मला कुणी हाक मारणार नाही.

आधी माझी फजिती ऐक. मागच्या उन्हाळ्यात लेकीनं लझानियाचा हट्ट धरला. तयार पट्ट्यांचं पाकीट काही मिळेना. म्हटलं, रोज वीस पोळ्या लाटणाऱ्या बाईला मैद्याच्या चार पट्ट्यांचं काय भ्यायचं? पोळीला मळतो तशी सैल कणीक मळली, तेलाचा हात लावला, लाटल्या, उकळत्या पाण्यात सोडल्या आणि एकीवर एक चाळणीत निथळत ठेवल्या. चीज किसायला गेले, तेवढ्यात दारात दूधवाला आला. परत येऊन चाळणी उपडी केली तर अख्खा एकच गोळा, चाळणीच्या आकाराचा, वर भोकांची नक्षी. सासूबाईंनी विचारलं, "हे काय केलंयस?" मी म्हटलं, "ढोकळा." म्हशीनं मात्र आवडीनं खाल्ला.

तर तुझं आणि माझं चुकलं एकाच जागी. आपल्या हातांना पोळीची सवय. पोळी मऊ हवी, फुगायला हवी, म्हणून कणीक सैल आणि तेलाची. ही पट्टी पोळीच्या कुळातली नव्हेच, ती शेवईची बहीण आहे. चैत्रात आई शेवया करायची ते आठव. गहू ओलवून रात्रभर फडक्यात दडपून ठेवायचे, सावलीत वाळवायचे आणि मग गिरणीत. गिरणीवाला दर वेळी विचारायचा, "पीठ का रवा?" आणि आई दर वेळी त्याच्यावर डाफरायची, की शेवयाचं दळण आहे हे दिसत नाही का. घरी आल्यावर चाळण आणि वस्त्रगाळ. कोंडा वेगळा, रवा वेगळा, सपीट वेगळं. मग ती कणीक इतकी घट्ट की तिंबताना आईच्या मनगटातल्या बांगड्या वर सरकवून ठेवलेल्या असायच्या. बाजेला आवळलेल्या यंत्राचा दांडा तू फिरवायचीस, मी खालून शेवया झेलून काठीवर टाकायचे. त्यातली एक तरी शेवई दुसरीला चिकटली होती का कधी? पास्ता म्हणजे हेच गं. फक्त बारीक छिद्रातून काढायच्या ऐवजी लाटून चौकोन कापायचे.

आणि गहू कुठला असायचा? बन्सी. ज्याला इंग्रजीत डुरम म्हणतात तोच. पिवळसर, काचेसारखा कडक दाणा, दळला की रवा नीट सुटतो. इटलीत तर १९६७ पासून कायदाच आहे, वाळवून विकायचा पास्ता डुरमच्या रव्याचाच हवा. आणि गंमत बघ, आपल्या बारामतीच्या माळेगावातून नीरा रस्त्यानं पुढं गेलं, पणदरे, कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर मागं टाकलं, की होळला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं शेत आहे. गव्हाच्या जाती काढणारी ही संस्था, डुरमच्यासुद्धा. त्यांची एमएसीएस ४०२८ नावाची डुरमची जात आहे, पावसाच्या पाण्यावर येणारी, प्रथिनं १४.७ टक्के. प्रथिनं का सांगतेय, तर पट्टी पाण्यात विरघळत नाही ती त्यांच्या जोरावर. तू तिकडं पुण्यात इटालियन पिठाचं किलोभर पाकीट काय भावानं आणलंस ते मला सांगितलंस, मी ते आईला सांगितलेलं नाही.

तसं बारामतीला इटली काही नवी नाही म्हणा. आपे रिक्षा करणारी पियाजिओ इथं, किंडर जॉय करणारी फेरेरो इथं, दोन्ही मूळच्या तिकडच्या. चीज म्हणशील तर डायनामिक्सचा कारखाना बारामतीतच. एवढं सगळं दारात असताना आपण पट्ट्यांसाठी रडायचं म्हणजे कमालच.

बरं, आता कामाचं. दोन रीती आहेत. उत्तर इटलीत, बोलोन्याकडं, मऊ गव्हाच्या मैद्यात अंडं घालतात. शंभर ग्रॅमला एक अंडं, एवढा सोपा हिशेब. दक्षिणेकडं डुरमचा रवा आणि नुसतं पाणी. मी दोन्ही करून बसलेय. अंडं चालणार असेल त्या दिवशी दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बन्सीचा अगदी बारीक रवा आणि दोन अंडी घे. आपली अंडी लहान असतात, कणीक कोरडी वाटली तर चमचाभर पाणी, त्याहून जास्त नको. गुरुवार असेल किंवा तुझ्या सासूबाई जेवायला असतील तर दोनशे ग्रॅम बारीक रवा किंवा सपीट आणि शंभर मिलीच्या आसपास कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नकोस. रवा पाणी हळूहळू पितो. सुरुवातीला भुगा दिसेल, "ताईनं चुकीचं सांगितलं" असं वाटेल. वाटू दे.

तेल घालू नकोस. दहा मिनिटं मळ, घड्याळ लावून. परातीत नको, ओट्यावर, तळहाताच्या टाचेनं पुढं रेटून, अंगाचा भार टाकून. बोटानं दाबलं की खळगा सावकाश भरून यावा, मग झालं. आता ओलं फडकं टाकून ती मुरू दे. अर्धा तास तरी, नुसत्या रव्याची असेल तर तास. हा तास तुला जड जाणार, मला माहीतेय. लहानपणी वडीचं ताट गार व्हायच्या आधी कोपरा मोडणारी तूच. पण न मुरलेली कणीक लाटली की रबरासारखी मागं पळते आणि आपण चिडून पीठ भुरभुरतो, आणि तिथंच बिघडतं.

लाटताना पोळपाट बाजूला ठेव. ओटा पुसून कोरडा कर आणि तिथंच लाट. बोलोन्याच्या बायकांचं लाटणं आपल्या लाटण्याच्या दुपटीहून लांब असतं, पण आपल्याला लांब लाटणं नको आणि यंत्र तर नकोच, तीन हजार घालवू नकोस. लिंबाएवढ्या नाही, चांगल्या मोसंबीएवढ्या लाट्या कर. एक घे, बाकीच्या झाक. मधून कडेकडं लाट, फिरव, पुन्हा लाट. मागं सरकायला लागली की तिला तशीच पाच मिनिटं सोड आणि दुसरी घे. पहिलीकडं परत येशील तेव्हा ती गुमान ऐकेल. किती पातळ? तुझ्या ओट्याच्या ग्रॅनाइटचे ठिपके पट्टीतून अंधुक दिसायला लागले की थांब. माझा ओटा कडप्प्याचा, काळाभोर, मला ठिपके नाहीत. मी खाली लेकीची वही ठेवून बघते, ओळी दिसल्या पाहिजेत. शिजल्यावर पट्टी फुगून जाड होते, म्हणून आत्ता जाड ठेवलीस तर ताटात वरणफळं येतील. वरणफळं वाईट नाहीत, पण तू त्यासाठी एवढी धडपड केली नव्हतीस.

मग कातणानं काप. हो, त्याच कातणानं. त्याचं नंतर बोलू.

उकडायची वेळ आली की मोठं पातेलं घे, लहान नको, आणि मीठ हात सोडून घाल. पाणी खळखळू दे. एका वेळी दोनच पट्ट्या. एक-दीड मिनिट, बस. ताजी पट्टी पाकिटातल्यासारखी दहा मिनिटं लावत नाही. तिथून थेट गार पाण्याच्या भांड्यात आणि तिथून सुती कापडावर, पसरून, एकमेकींना शिवायच्या नाहीत. मी आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा वापरते, कुरडयांसाठी ठेवलाय तोच. टॉवेल नको, त्याचे तंतू लागतात. चाळणीचं नाव काढू नकोस. आणि लाटायला घेतल्यापासूनच पंखा बंद ठेव. इथं वैशाखात मी पंखा चालू ठेवला तर कापेपर्यंत कडा कडक होऊन तडकल्या होत्या. तुमच्याकडं पावसाळ्यात उलट होईल, मग दोन कच्च्या पट्ट्यांमध्ये थोडा रवा भुरभुर. मैदा नको, तो ओला झाला की खळ होते.

न उकडता थेट थर लावले तरी चालतं, फक्त सॉस पातळ हवा, कारण कच्ची पट्टी तो ओढून घेते. मी तसंच करते हल्ली. चाळीस ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा, अर्धा लिटर कोमट दूध, हा पांढरा सॉस. टोमॅटोचा तुला येतो. खिमा घाल नाहीतर वांगं-गाजर. बाकी थर लावायला कुणी शिकवावं लागत नाही. ओव्हन असेल तर एकशेऐंशीवर अर्धा तास. आमच्याकडं ओव्हन लावला की लाईट जातेच, म्हणून मी कुकर वापरते, रिंग आणि शिट्टी काढून, तळाशी मीठ आणि स्टँड, मंद आचेवर चाळीस मिनिटं. वरून लाल होत नाही. आजी नानकटाईला खालीवर निखारे ठेवायची तसं मी शेवटी डब्यावर झाकण घालून तापलेला तवा ठेवते. थोडासा रंग येतो. फोटोत दिसण्याइतका नाही.

आता फोटोचा विषय निघालाच आहे तर. तुझ्या जाऊबाईंनी स्टेटसला लझानिया टाकला, ते मीही पाहिलं. तू तो किती वेळा उघडून पाहिलास तेही तुझ्या आवाजावरून कळलं. मने, अगं, त्यांच्या त्या फोटोत मागं पाकीट दिसतंय, जरा मोठा करून बघ. आणि नसतं दिसलं तरी काय झालं असतं? तू काल आठ माणसं जेवायला बोलावून आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्या लाटायला घेतल्यास, सकाळी डबे करून, धुणं लावून. कुणाच्याही चिकटल्या असत्या. पुढच्या वेळी ज्या रविवारी कुणी येणार नाही त्या रविवारी कर. दोघीच खा, तू आणि तुझी लेक. बिघडल्या तर वरणात सोड.

आमच्या सासूबाईंना विचारशील तर त्यांनी गेल्या महिन्यात पहिल्यांदा खाल्ला. घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "शिजवलेलं परत भाजायचं कशाला गं?" उत्तर मला आलं नाही. मग त्यांनी मिरचीचा ठेचा मागून घेतला आणि दुसरा तुकडाही घेतला. ठेच्याबरोबर खरंच चांगला लागतो, तुझ्या पाव्हण्यांना आवडेल.

आणि कातण. आईचं पितळी कातण मी नेलं, यावरून तू सहा वर्षं मला टोमणे मारतेस, कालही मारलास, रडता रडता. खरं सांगू? मी ते मागून आणलंच नव्हतं. माझ्या पहिल्या दिवाळीला आईनं करंज्यांच्या डब्यात घालून पाठवलं, आणि तुला वाईट वाटेल म्हणून तिनं तुला सांगितलं नाही, मग मीही नाही. त्याची चकती अजून छान फिरते, दांडा तेवढा हलतो, मी त्याला दोरा गुंडाळलाय. राखीला येशील तेव्हा घेऊन जा. मात्र दिवाळीच्या आधी आठ दिवस ते माळेगावात परत पाहिजे, माझ्या करंज्या सुरीनं कापणार नाही मी.