सिगारेट ओढल्यावर बोटे गार का पडतात?

आपल्या एका बोटाचे नख दाबून धरा. नखाखालचा भाग पांढरा पडेल. आता सोडा. सुमारे दोन सेकंदांत तो पुन्हा गुलाबी होईल. हा रंग म्हणजे केशवाहिन्यांत परतलेले रक्त. हात मिनिटभर थंड पाण्यात बुडवून हाच प्रयोग पुन्हा करा. बहुधा या वेळी रंग परतायला अधिक वेळ लागेल.

असे का होते? केशवाहिन्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्यांना रोहिणिका म्हणतात. त्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात. थंडी लागली की चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनॅलीन हे द्रव्य सुटते, वेढे आवळले जातात आणि रोहिणिका अरुंद होतात. शरीराची उष्णता त्वचेवाटे निघून जाऊ नये म्हणून केलेली ही निसर्गाची सोय आहे.

सिगारेट किंवा विडी ओढली की थंडी नसतानाही हेच घडते. धुरातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात शिरते. ते या चेतातंतूंना आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना चेतवते. नाडी जलद चालते, रक्तदाब वाढतो. पण बोटांच्या त्वचेतील रक्तप्रवाह मात्र घटतो. काही मिनिटांतच बोटांचे तापमान उतरते.

नळी जराशी अरुंद झाल्याने एवढा फरक पडतो का? पॉयझ्यूलचा नियम पाहा. दाब तोच असेल, तर बारीक नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो १/१६ होतो! रक्तवाहिन्यांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज येण्यास तो पुरेसा आहे.

धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. म्हणजे त्वचेला रक्त थोडे मिळते आणि त्या थोड्या रक्तातही ऑक्सिजन कमी असतो. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांच्या जखमा उशिरा भरतात. त्वचारोपणासारख्या शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे धूम्रपान बंद ठेवा, असे शल्यचिकित्सक बजावतात ते यासाठीच.

याहून भयंकर म्हणजे बर्जरचा रोग. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. यात हातापायांच्या वाहिन्यांना सूज येते, त्यांत रक्ताच्या गुठळ्या अडकतात आणि बोटे काळी पडून कापावी लागतात. हा मुख्यतः तंबाखू सेवन करणाऱ्यांचा रोग असून तो बहुधा पंचेचाळिशीच्या आतच जडतो. आपल्या देशात विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो आढळतो. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय. वेळीच सोडली, तर बहुतेकांची बोटे वाचतात.

आता एक गणित सोडवा. रोहिणिकेची त्रिज्या मूळच्या ८० टक्के उरली, तर प्रवाह किती उरेल? (उत्तर : सुमारे ४१ टक्के.) घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्यांनाही हे गणित समजावून सांगा.