मदतीकडून रोजगाराकडे : धोरणाची अंमलबजावणी आणि समाजकार्यकर्ता

निराधार कुटुंबास निर्वाहापुरते अनुदान द्यावे, की त्यातील कर्त्या व्यक्तीस रोजगारापर्यंत पोहोचवावे, हा समाजकल्याणाच्या क्षेत्रातील जुना प्रश्न होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९९६ साली दुसरा मार्ग कायद्याने स्वीकारला. १९३५ पासून चालत आलेली अवलंबित मुलांसाठीची साहाय्य योजना रद्द होऊन तिच्या जागी गरजू कुटुंबांच्या तात्पुरत्या साहाय्याची योजना आली. या बदलाच्या अभ्यासावरून असे दिसते की, अशा कायद्याचे फलित त्याच्या कलमांइतकेच ती कलमे अर्जदारापुढे मांडणाऱ्या कार्यकर्त्यावर अवलंबून असते.

कायद्याच्या अटी

प्रौढ व्यक्ती असलेल्या कुटुंबास केंद्रीय निधीतून मिळणाऱ्या साहाय्यावर आयुष्यभरात ६० महिन्यांची मर्यादा घालण्यात आली. अडचणीतील कुटुंबांसाठी राज्यांना २० टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राहिली. कामाच्या गणनेसाठी सर्वसाधारणपणे आठवड्यास ३० तास, तर सहा वर्षांखालील मुलाच्या एकट्या पालकासाठी २० तास ठरविण्यात आले. सबळ कारणाविना काम नाकारल्यास अनुदानात कपात करावी, असेही बंधन आले.

कार्यालयातील प्रत्यक्ष व्यवहार

जनतेशी प्रत्यक्ष संबंध येणारे कनिष्ठ कर्मचारी आपल्या दैनंदिन निर्णयांतून धोरण घडवीत असतात, हा विचार मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली मांडला. कॅलिफोर्नियातील मुलाखतींचे निरीक्षण करून मार्शा मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा प्रत्यय येतो. मुलाखतींचा बहुतेक वेळ पात्रतेची माहिती व कागदपत्रे तपासण्यातच जात असे. नोकरीविषयक नव्या तरतुदींचे स्पष्टीकरण क्वचितच होई.

याचे गांभीर्य एका तरतुदीवरून ध्यानी येईल. सहा वर्षांखालील मुलाच्या एकट्या पालकास वाजवी अंतरावर पाळणाघर नसल्यामुळे, उपलब्ध व्यवस्था अयोग्य असल्यामुळे अथवा परवडत नसल्यामुळे काम करणे अशक्य झाले, तर अनुदान कापता येत नाही. मात्र ही अडचण पालकाने सिद्ध करावी लागते. शिवाय अशा काळातही ६० महिन्यांची गणना थांबत नाही. या दोन्ही गोष्टी पालकास सांगणे यंत्रणेचे कर्तव्य आहे. कार्यकर्ता मौन राहिला, तर हक्क असूनही माता अनुदानास मुकते. आणि केवळ सूट देऊन पाळणाघराचा शोध सोडून दिला, तर तिचे महिने व्यर्थ सरतात.

कार्यपद्धतींचे अनुभव

ओहायोतील कोलंबस येथे १९९० च्या दशकात दोन पद्धतींची तुलना झाली. अनुदान आणि रोजगार ही दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्याकडे सोपविली असता, ती दोघांत विभागल्यापेक्षा कार्यक्रमातील सहभाग अधिक आढळला. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे मिळेल ती पहिली नोकरी स्वीकारण्यावर भर होता. ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे मात्र अल्पकालीन शिक्षण-प्रशिक्षणाची जोड देऊन अधिक चांगल्या व टिकाऊ नोकरीसाठी थांबण्यास उत्तेजन दिले जाई. त्या काळी तपासलेल्या अकरा कार्यक्रमांत पोर्टलंडचे परिणाम विशेष उठून दिसले.

निष्कर्ष

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने ग्रामीण भागात मागणी करणाऱ्यास काम पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली होती. अमेरिकेच्या या कायद्यात काम मिळविण्याचा भार मुख्यत्वे अर्जदारावर आहे. जेथे असा भार दुर्बलावर पडतो, तेथे समाजकार्यकर्त्याचे उत्तरदायित्व वाढते. अट सांगताना तिच्यातील सूटही सांगणे, कपातीपूर्वी गैरहजेरीचे कारण शोधणे, आणि सहज नोकरी मिळेल अशांनाच निवडून आकडे न फुगविणे, ही त्याची किमान कर्तव्ये होत. ती पार पडावयाची तर वरिष्ठांनीही बंद झालेल्या प्रकरणांची संख्या न मोजता, किती कुटुंबे खरोखर स्वावलंबी झाली हेच पाहिले पाहिजे.