खंड आणि अखंड

गेल्या कार्तिकात उंब्रजला कीर्तन आटोपून मी टाळकऱ्यांबरोबर देवळाच्या ओसरीवर टेकलो होतो, तोच एक कॉलेजात शिकणारा पोरगा पुढे आला. म्हणाला, "महाराज, तुम्ही कीर्तनात सांगितलेत की वारीची परंपरा अखंड चालत आली. पण २०२० आणि २०२१ या दोन साली दिंड्या निघाल्याच नाहीत. मग अखंड कशी?"

पोराने खोडसाळपणाने विचारले नव्हते. मी मात्र "अरे, पादुका गेल्या होत्या ना," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आलो, पण डोळ्याला डोळा लागेना. प्रश्न त्याचा, पण ठेच माझीच होती. सत्तावीस वर्षे मी पायी वारी चुकविली नव्हती, आणि खोटे कशाला बोलू, त्या आकड्याचा मला अभिमान होता. २०२० साली १ जुलैला आषाढी आली, संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीस गेल्या, आणि मी घरी ओट्यावर बसून राहिलो. नियमाला खंड पडला तो पडलाच.

तेव्हा सज्जनहो, अखंड म्हणजे काय, हे एकदा नीट पाहू.

शास्त्रात हा वाद फार जुना आहे. दुधाचे दही होते. सांख्य म्हणतात, दही दुधात आधीपासून होतेच, फक्त प्रकट झाले. नैयायिक म्हणतात, छे, दूध गेले आणि दही हे नवेच उपजले. पाठशाळेत आम्ही पोरे या दह्यावरून तासन्‌तास भांडत असू आणि दही मात्र गुरुजी खात. असो. माणसाच्या वाढीविषयीही पंडितांत हेच भांडण आहे. स्वित्झर्लंडातील पियाजे नावाच्या विद्वानाने (ते १९८० साली वारले) असे मांडले की मुलाची बुद्धी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. एका पसरट भांड्यातले पाणी मुलाच्या देखत उंच, अरुंद भांड्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, पाणी वाढले. सातआठ वर्षांचे झाले की तेच मूल हसून सांगते, तेवढेच तर आहे! माझ्या धाकट्या नातवावर मी हा प्रयोग ताकाने करून पाहिला. 'उंच पेल्यातले जास्त' असे म्हणून त्याने तोच पेला उचलला. दुसरे पंडित म्हणतात की अशा पायऱ्या नसतातच. वाढ कणाकणाने होत असते, आपण लांबून पाहतो म्हणून पायरी दिसते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी बालपण, तारुण्य आणि म्हातारपण या देहाच्या अवस्था सांगितल्या आणि त्या भोगणारा एकच आहे असेही सांगितले. म्हणजे पायऱ्याही खऱ्या आणि चढणाराही खरा.

पण तो एकच, हे ओळखायचे कसे? वेदान्तात यासाठी एक नेहमीचे उदाहरण देतात, 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. दहा वर्षांपूर्वी काशीला पाहिलेला देवदत्त आज कराडच्या बाजारात भेटला. तेव्हा तो तरणा होता, आज केस पांढरे. तेव्हाचा काळ, तेव्हाची जागा, आजचा काळ, आजची जागा, यांचा मेळ घालू गेलात तर तो कधीच बसायचा नाही. म्हणून विसंगत तेवढा भाग टाकायचा आणि देवदत्त तेवढा ठेवायचा. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. नाव अवघड आहे, पण आपल्या घरची आई हे रोज करते. वीस वर्षांनी मुंबईहून आलेल्या लेकाचे टक्कल सोडून ती लेकाला ओळखतेच की!

आता हीच लक्षणा वारीला लावून पाहा. वारी ज्ञानोबांच्याही आधीची; पण पालखी तेव्हा नव्हती. ज्ञानोबा व तुकोबा या दोघांच्या पादुका पालखीत घालून न्यायची चाल तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली घातली. ज्ञानोबारायांचा सोहळा वेगळा काढून त्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी, १८३२ च्या सुमारास. ते आपल्याच सातारा भागातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते, ती चाकरी सोडून आळंदीला आले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, आणि सोहळा उभा राहिला. आळंदीच्या महाद्वारातली त्यांची पायरी आपण सारे वंदन करून ओलांडतो. आज जो क्रम अनादि वाटतो, तो एकेकाळी कोणीतरी नव्याने घातलेला आहे.

ग्रंथाचीही तीच गोष्ट. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे नकलणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले, भलत्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराज बसले आणि त्यांनी शुद्ध प्रत तयार केली. मधली जवळजवळ तीनशे वर्षे प्रवाह गढूळ होत गेला होता. नाथांनी तो निवळला म्हणूनच आज पारायणाला आपण माउलीची ज्ञानेश्वरी उघडतो.

आणखी एक खंड सांगतो, तो सांगताना जीभ जड होते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. आत मात्र त्यांच्या लोकांना शतकानुशतके मज्जाव. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी देवाचे दार सर्वांना उघडले. तेव्हा परंपरा मोडली म्हणून ओरडणारे पुष्कळ होते. पण 'सोऽयं' म्हणून पाहिले तर देवदत्त कोणता? चोखोबांना कवटाळणारे नामदेवराय, की दारावरचा मज्जाव? मोड पूर्वीच झाली होती. १९४७ साली ती सांधली गेली.

हे सारे मला इतक्या सरळपणे सुचले असे समजू नका. आमच्या सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री जमिनीला टेकवायची नाही असा दंडक आहे. पण एकच माणूस सात दिवस उभा राहू शकेल काय? दोन दोन तासांचे पहारे असतात. देणारा नि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. हात दर दोन तासांनी बदलतात, म्हणून तर वीणा अखंड! माझी सत्तावीस वर्षे हा एक पहारा होता, एवढेच.

यंदा तरणी पोरे पुण्या-मुंबईला, तेव्हा रात्रीच्या दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळेना. बारावीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "मी उभी राहते." बैठकीत गडबड उडाली. कोणी म्हणाले, आपल्याकडे ही चाल नाही. खरे सांगायचे तर ते आधी मीच म्हणालो. इतर गावी बाया-मुली वीणा घेऊ लागल्या आहेत हे मला ठाऊक होते. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई कीर्तनात सांगून मीच लोकांना रडवितो, हेही ठाऊक होते. तरी जीभ वळली नाही. मग त्या पोराचा प्रश्न आठवला, आणि 'सोऽयं' ही आठवले. मी म्हटले, "उभी राहू दे तिला. चार ते सहा माझा."

थंडी चांगलीच होती. मंडपात दोन म्हातारे पेंगत होते, बाहेर कृष्णेवर धुके. मुलगी खांबापाशी ताठ उभी, तार एकदाही थांबली नव्हती. चार वाजता मी पुढे झालो. ती वाकायच्या आधी मीच वाकलो. ती दचकली, "अहो आबा, हे काय!" म्हणाली, आणि मग तीही वाकली. मी वीणा गळ्यात घेतली. तिच्या हाताची ऊब अजून दांडीला होती.