कामगार घरी सुखरूप, तर धंदा सुरळीत

नारायणगाव-मंचर पट्ट्यात टोमॅटो ग्रेडिंगचं युनिट टाकताय? मग मशीनच्या आधी बिबट्याचा विचार करा. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उगाच नाही झालं; इथल्या उसात बिबटे राहतात.

अंधारात उसाच्या कडेनं घरी जायचंय, ही धास्ती असलेल्या ताईचं लक्ष शेवटच्या तासाला क्रेटवर कसं राहणार? डागी माल चांगल्यात जातो, व्यापारी भाव पाडतो. सरावलेली बाई काम सोडून गेली, की नवीला शिकवण्यात पुन्हा दिवस जातात.

उपाय साधा आहे. उजाडल्यावर काम सुरू, दिवस मावळायच्या आत सुट्टी. उशीर झालाच तर गाडीनं दारापर्यंत सोडा. महिनाभर गैरहजेरी आणि परत आलेले क्रेट वहीत लिहा. मग डिझेलचा खर्च शेजारी मांडा आणि स्वतःच ठरवा.