मेंदूतील धागे आणि हिरवा प्रकाश



विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशीची सुटसुटीत आकृती असते. प्रत्यक्षात माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी एकमेकींत गुंतलेल्या असतात. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे, हे ओळखायचे कसे?

वडगाव-शहापूरचा माग डोळ्यांसमोर आणा. शेकडो पांढऱ्या धाग्यांतून एकाचा माग काढता येत नाही. तोच एक धागा लाल रंगवला की टोकापर्यंत दिसतो. इटलीचे गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी काळ्या करून दाखविल्या. स्पेनचे काहाल यांनी त्याच पद्धतीने पेशींची असंख्य चित्रे काढली. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. परंतु ही पद्धत मृत पेशींपुरती होती.

जिवंत पेशी उजळणारा रंग समुद्रातील जेलीफिशमध्ये सापडला. शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तिच्यातून एक प्रथिन वेगळे केले. त्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवे चमकते. यास प्रतिदीप्ती म्हणतात. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली नोटेवरचे आकडे चमकतात, तोच हा प्रकार. १९९४ मध्ये चाल्फी यांनी या प्रथिनाचे जनुक एका सूक्ष्म कृमीत घालून त्याच्या चेतापेशी उजळल्या.

तरी एक अडचण होती. दोन पेशींच्या जोडातील फट सुमारे २० नॅनोमीटर; साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले वेगळे दिसत नाही. मग खरा जोड कोणता? २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचे दोन तुकडे करून दोन पेशींत एकेक ठेवला. पेशी भिडतात तेथेच तुकडे जुळतात आणि हिरवा ठिपका चमकतो!

याचा उपयोग काय? शिकताना हे जोड बदलतात. अल्झायमरमध्ये ते नष्ट होत जातात. आजार समजण्यास जोड दिसलेच पाहिजेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे गर्भावस्थेत मेंदू कसा घडतो याचा अभ्यास करतात. त्यांना २०१० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

पालक व विश्वस्तांना आमची विनंती आहे. जेलीफिश का चमकते, हा प्रश्न १९६२ मध्ये बिनकामाचा वाटला असता; २००८ मध्ये त्यालाच नोबेल मिळाले. मुलाने "असे का?" विचारले, तर "परीक्षेत येणार आहे का?" असे आपण विचारू नये.

करून पहा : पन्नास पांढऱ्या दोऱ्यांच्या गुंत्यात एक लाल व एक हिरवा दोरा मिसळा. ते दोन कोठे भेटतात, ते शोधून वहीत आकृती काढा.